उतरायला सुरुवात गडहिंग्लजपासून

आमची सेसना, म्हणजे आमचं छोटं विमान, गेल्या महिन्यात विकली गेली. मी आणि दाजी (थोरल्या ताईचे मिस्टर, बेळगावचे) दोघांनी मिळून घेतलेली सेसना १७२, नऊ वर्षं आमच्याकडे होती, आता एका फ्लाइंग स्कूलमध्ये पोरं तिच्यावर शिकणार. तिच्या जागी हँगरमध्ये सिरस एसआर२२ उभी आहे. सेकंडहँड, पण आमच्यासाठी नवीच. बऱ्याच जणांनी विचारलं की किती फास्ट आहे, वेळ किती वाचतो, एवढा खर्च कशाला केला, आणि प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा म्हटलं लिहूनच काढू, कारण गेले दोन महिने माझ्याही डोक्यात दुसरं काही नाहीये.

मी राहतो डिचोलीला आणि विमान असतं बेळगावला. म्हणजे उडायचं तर पहाटे उठून साखळी, केरी करत चोर्ला घाट चढायचा, वर कुठेतरी चहा घ्यायचा आणि मग एअरपोर्ट. गोव्यात विमान का ठेवत नाही असं सगळे विचारतात. दाबोळीचा विमानतळ हा मुळात नेव्हीचा तळ, आयएनएस हंसा, त्यांच्या उड्डाणांच्या वेळा आधी आणि बाकीचे नंतर, आणि मोपाच्या नव्या विमानतळावर जानेवारी २०२३ पासून विमानं सुरू झाली तरी आमचा जम बेळगावातच बसलेला, दाजी तिथेच, इंजिनियर तिथेच. शिवाय समुद्राजवळच्या खाऱ्या हवेत चार महिने पावसाळ्यात विमान नुसतं उभं ठेवणं माझ्या जिवावर येतं. बेळगावलाही पाऊस काही कमी नाही, पण ती खारी दमट हवा तरी नाही.

आता मुद्द्यावर येतो, सेसना का बदलली.

लेक मैसूरला शिकते. बेळगाव ते मैसूर सरळ रेषेत साधारण २५० नॉटिकल मैल (एक म्हणजे साधारण १.८५ किलोमीटर, पुढे नुसतं मैल म्हटलं तरी हेच, आणि नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल). सेसना आम्ही ११० नॉटवर चालवायचो, म्हणजे सव्वादोन तास. कागदावर छान दिसतं, सकाळी गेलो, पोरीबरोबर जेवलो, संध्याकाळी परत. पण आम्ही दोघं फक्त व्हीएफआर उडतो, म्हणजे डोळ्यांनी बघून आणि दिवसाउजेडी, त्यामुळे दिवसाची दोन्ही टोकं ठरलेली. सकाळी घाटमाथ्यावर धुकं असलं की नऊ वाजेपर्यंत निघताच येत नाही, आणि उन्हाळ्यात दुपारनंतर ढग चढायला लागतात. मधे उरतो तो वेळ आपला.

दोन वर्षांपूर्वीचा एप्रिल. मैसूरहून साडेतीनला निघालो, मी आणि दाजी. वायव्येचा वारा होता हे माहीत होतं, पण वर गेल्यावर तो २५ नॉटचा निघाला आणि अगदी नाकावर. ११० मधून २५ गेले, जीपीएसवर ग्राउंडस्पीड, म्हणजे जमिनीच्या हिशोबानं वेग, ८५. खाली हायवेवरच्या गाड्या दिसत होत्या, मागे पडत होत्या पण किती हळू. सव्वादोन तासांचे जवळजवळ तीन तास होणार, म्हणजे बेळगावला पोचायला सव्वासहा-साडेसहा, सूर्यास्त पावणेसातच्या आसपास, आणि समोर धारवाडच्या पलीकडे वळवाचे ढग उभे राहिलेले, काळे, वरून पसरलेले. पेट्रोल भरपूर होतं, इंजिन घड्याळासारखं चालत होतं, फक्त वेळ संपत होता. दाजी म्हणाले, "हुबळीला बसवू या की रे, उद्या बघू." सहाच्या सुमाराला हुबळीला उतरलो, विमान बांधलं, टॅक्सीनं बेळगाव. रात्री ताईच्या घरी जेवताना दोघंही काही बोललो नाही आणि हात धुता धुता दाजीच म्हणाले, "वेगवान घेऊ या काय?"

इथे एक गणित सांगतो कारण ते लोकांच्या लक्षात येत नाही. वेगवान विमानाचा खरा फायदा समोरून वारा असताना कळतो. २५ नॉटचा वारा ११० मधून वजा केला तर जवळपास पाव वेग गेला. तोच वारा १६५ मधून वजा केला तर १४० उरतात, म्हणजे सातवा हिस्सा गेला फक्त. त्या दिवशी एसआर२२ असती तर पावणेदोन तासांत, सव्वापाचला घरी असतो, ढग बहुतेक अजून लांबच असते.

मग शोध सुरू झाला, त्याला दीड वर्ष गेलं. सेसना १८२ बघितली, २३० हॉर्सपॉवर, ओळखीची, पण वेगात १७२ पेक्षा २०-२५ नॉटच जास्त. बोनान्झा बघितली. देखणं विमान, पहिलं उडालं ते डिसेंबर १९४५ मध्ये, चाकं आत जातात, पण चाकं आत जाणारं विमान आम्ही दोघांनी कधी चालवलेलं नव्हतं आणि आपल्याकडे त्याचे पार्ट आणि हात लावणारा माणूस दोन्ही शोधत फिरावं लागलं असतं. दाजींचा जीव डायमंड डीए४० एनजीवर होता, कारण तिचं इंजिन डिझेल जातीचं, १६८ हॉर्सपॉवर, जेट ए-१ वर चालतं, आणि जेट ए-१ म्हणजे मोठ्या विमानांचं इंधन, एटीएफ, ते जवळपास सगळीकडे मिळतं. आमच्या पिस्टन विमानांना लागतं १०० एलएल अ‍ॅव्हगॅस, म्हणजे विमानांचं खास पेट्रोल. ते पूर्वी सगळं बाहेरून यायचं, २०२२ पासून इंडियन ऑइल वडोदऱ्याच्या गुजरात रिफायनरीत बनवायला लागलं ही फार मोठी गोष्ट झाली, पण तरी प्रत्येक विमानतळावर ते असतंच असं नाही, आधी फोन करायचा, बॅरल आहे का विचारायचं, मगच निघायचं. दाजींचा मुद्दा बरोबरच होता आणि आजही कोणी मला विचारलं तर मी डीए४० आधी बघ म्हणून सांगेन. पण भारतात आधीच व्हीटी रजिस्ट्रेशन (भारतीय नोंदणी) असलेली, विकायला असलेली आणि आम्हाला परवडेल अशी त्या वेळी समोर आली ती ही सिरस, आणि घरून होकार मिळाला तोही तिलाच.

तो होकार पॅराशूटमुळे मिळाला. सिरसला अख्ख्या विमानाचं पॅराशूट असतं. डोक्यावर छताला लाल हँडल, ते ओढलं की रॉकेट सुटतं आणि पॅराशूट बाहेर येऊन विमान त्याला लटकून खाली येतं. कंपनी काढणाऱ्या दोन भावांपैकी अ‍ॅलन क्लॅपमायर १९८५ मध्ये हवेत दुसऱ्या विमानाला धडकले होते, ते वाचले पण दुसऱ्या विमानातला पायलट गेला, त्यातून ही कल्पना आली. खऱ्या संकटात पहिल्यांदा ते वापरलं गेलं २००२ मध्ये टेक्सासला आणि पायलट सुखरूप राहिला. बायकोनं हे सगळं नीट ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "तुला काही झालं तर मी ओढू शकते ना?" ओढू शकते. म्हणून आता ती बसली की प्रत्येक वेळी मी तिला हँडलची पिन काढून दाखवतो आणि पहिलं काय, दुसरं काय करायचं ते तिच्याकडून म्हणवून घेतो. पण ते काही प्रत्येक वेळी वाचवणारं जादूचं बटण नाही. आमच्या मॉडेलच्या पुस्तकात सरळ उड्डाणात ४०० फूट आणि स्पिनमध्ये (गरगरत पडताना) ९२० फूट असे उंची कमी होण्याचे आकडे दिलेत, म्हणजे त्याच्या खाली असलो तर त्याच्या भरवशावर राहता येत नाही. दर दहा वर्षांनी ते बदलून घ्यावं लागतं आणि तो खर्च विमान घेतानाच किमतीत धरावा, आम्ही धरला म्हणून नंतर तोंड कडू झालं नाही.

खरेदीच्या कागदपत्रांवर जास्त लिहीत नाही, डीजीसीएकडे (विमान वाहतुकीचं सरकारी खातं) मालकाचं नाव बदलणं, विमा, रेडिओचं लायसन्स, विमान उडायला लायक असल्याचे कागद, सगळ्याला संयम लागतो एवढंच. पण तपासणीबद्दल लिहितो. आमचे इंजिनियर साहेब दोन दिवस त्या विमानापाशी बसले. प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन घेतलं, बोरस्कोप, म्हणजे बारीक कॅमेऱ्याची नळी, घालून व्हॉल्व्ह बघितले, ऑइल फिल्टर कापून त्यात धातूचे कण आहेत का बघितले. मी विचारलं, लॉगबुकात तास कमी आहेत हे चांगलंच ना? ते म्हणाले, "साहेब, कमी तास बघून खुश होऊ नका, मधे किती महिने उभं होतं ते बघा." आपल्या हवेत इंजिन तासांनी झिजतं त्यापेक्षा उभं राहून गंजतं. आमच्या सेसनाच्या लायकमिंग इंजिनात कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) वरच्या बाजूला, त्यामुळे बंद ठेवलं की त्याच्यावरचं ऑइल आधी निथळतं आणि गंज तिथून धरतो. सिरसच्या कॉन्टिनेंटलमध्ये कॅमशाफ्ट खाली असतो, त्यामानाने बरं. म्हणून पावसाळ्यात उघडीप मिळाली की दोघांपैकी एकानं जाऊन उडवायचंच असं ठरवलंय. नुसतं जमिनीवर चालू करून बंद करायचं नाही, त्यानं आत पाण्याची वाफ होऊन उलट नुकसानच होतं.

वेग येतो कुठून हा पण मला फार आवडणारा विषय आहे. सेसनाचं इंजिन १८० हॉर्सपॉवर, सिरसचं ३१०. लोकांना वाटतं इंजिन मोठं म्हणून वेग जास्त. पण हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो आणि तो कापायला लागणारी ताकद घनानं वाढते. म्हणजे वेग दुप्पट हवा तर ताकद आठपट. त्या हिशोबानं त्याच सेसनाला ३१० चं इंजिन बसवलं असतं तर १२४ नॉटचे जेमतेम १४९ झाले असते. सिरस १८० च्या घरात जाते. मधले तीस नॉट येतात ते तिच्या अंगातून, काँपोझिटची बॉडी, एक रिव्हेट बाहेर नाही, पंखाखाली आधाराची दांडी नाही, चाकांवर टोप्या. हात फिरवला तर काच वाटावी. आणि हाच गुळगुळीतपणा पुढे आडवा येतो, तेच खरं मला आज सांगायचंय.

शिकायला गेलो तेव्हा वाटलं होतं चार-पाच तासांत होईल. मला साडेबारा तास लागले आणि एकाही तासाचा पश्चात्ताप नाही. आधी तर जमिनीवरच वेगळं. सेसनात पायांनी पुढचं चाक वळतं, सिरसचं पुढचं चाक मोकळं फिरतं, वळायचं ते एका बाजूचा ब्रेक दाबून, आणि सारखे ब्रेक दाबले की तापतात, म्हणून इंजिन कमी ठेवून, मोजके ब्रेक मारत जायचं. स्टिअरिंग डाव्या हाताला बाजूला. प्रॉपेलरसाठी वेगळा लिव्हर नाही, पॉवरच्याच लिव्हरला जोडलेला. आणि पेट्रोलचा नॉब. सेसनात तो 'बोथ'वर टाकला की विसरून जायचं, दोन्ही टाक्यांतून येतं. सिरसमध्ये 'बोथ' नाहीच, डावी किंवा उजवी. दर अर्ध्या तासानं बदलायची, मी स्क्रीनवर टायमर लावतो, आणि दाजी बरोबर असले तर ते मोठ्यानं म्हणतात, "टाकी!"

मग लँडिंग. सेसना फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या सरळ रेषेत शेवटचं उतरताना, ६५ नॉटनं यायची, ही ८० नॉटनं येते. पंधरानं काय होतंय असं वाटतं. पण सेसनाचं भरलेलं वजन १,१५७ किलो, हिचं १,५४२, आणि ऊर्जा वजनाच्या पटीत आणि वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते, दोन्ही गुणले की बरोबर दुप्पट येते. म्हणजे चाकं टेकतात तेव्हा दुप्पट ऊर्जा ब्रेकनं आणि धावपट्टीनं जिरवायची. त्यात बेळगाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार फूट, मे महिन्यात ३८ डिग्री असली की हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण पावणेसहा हजार फुटांवर असल्यासारखं वाटतं, त्यामुळे काट्यावर ८० दिसले तरी जमिनीवर आपण ८७ नं धावत असतो. धावपट्टी मोठी आहे म्हणून निभतं. पण सेसनात मी पाच-सात नॉट जास्त घेऊन यायचो आणि ती तरंगत तरंगत कधीतरी बसायची, ती सवय इथे पहिल्याच दिवशी मोडावी लागली. इन्स्ट्रक्टर सर एकच वाक्य सारखं म्हणायचे, "८० म्हणजे ८०. ८६ दिसले तर गो-अराउंड." म्हणजे न उतरता परत वर जायचं आणि पुन्हा यायचं. सात वेळा गो-अराउंड केला असेन मी पहिल्या तीन दिवसांत.

पण सगळ्यात जास्त शिकलो ते बारामतीहून मोप्याला येताना.

सर शेजारी, दाजी मागे. बारामती ते मोपा साधारण १५५ नॉटिकल मैल. सकाळी फ्लाइट प्लॅन टाकून एफआयसी (उड्डाण माहिती केंद्र) आणि एडीसीचे (हवाई संरक्षणाची परवानगी) नंबर घेतले आणि निघालो, ८,५०० फूट, १७० च्या वर वेग, कोल्हापूर डावीकडे गेलं, मला इतका आनंद झालेला की काय सांगू, जी-पी-एसवर पोचायची वेळ बघतोय आणि खूश होतोय. सेसनात मला सवय होती आजरा आलं की उतरायला सुरुवात करायची. मिनिटाला ५०० फूट उतरायचं, मोप्याला दीड हजारावर पोचायचं म्हणजे सात हजार फूट कमी करायचे, चौदा मिनिटं. १२० नॉटनं चौदा मिनिटांत २८ मैल, आणि आजरा ते मोपा साधारण तेवढंच आहे. नऊ वर्षांची सवय, डोकं न वापरता हात जायचा. त्या दिवशीही आजरा दिसलं आणि मी उतरायला घेतलं, तेही जरा सावकाशच.

आंबोलीवर आलो तेव्हा ६,५०० फूट. मोपा पंधरा मैलांवर. वेग १७५. म्हणजे पाच मिनिटांत पाच हजार फूट उतरायचे. नाक खाली घातलं तर वेग काट्यावरच्या पिवळ्या पट्ट्यात, म्हणजे फक्त शांत हवेत चालणाऱ्या वेगात, जातो, आणि घाटाच्या कडेला ऊन लागलेलं, खालून हवा उसळत होती, अशा धक्क्यांच्या हवेत वेग कमी करून १३३ च्या खाली यायला पाहिजे. नाक वर धरून वेग कमी करावा तर उंची तशीच राहते. फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेला खाली येणाऱ्या पट्ट्या) टाकावेत तर आमच्या मॉडेलला पहिला फ्लॅप ११९ च्या खाली. पॉवर एकदम काढावी तर इतका वेळ तापलेलं इंजिन झटकन गार होतं, ते त्याला चांगलं नाही. सेसनात पॉवर काढली की ती आपोआप मंदावायची, तिच्या दांड्या, तिची चाकं, सगळं हवेत अडकायचं. ही मंदावतच नाही. ज्या गुळगुळीतपणासाठी पैसे मोजले तोच आता ऐकेना. आणि टॉवरनं सांगितलं की पुढे एअरबस आहे, तुमची पोझिशन सांगा.

सर काहीच बोलले नाहीत. मी दोन-तीन सेकंद नुसता बसलो. मग टॉवरकडे सावंतवाडीच्या पूर्वेला ऑर्बिट, म्हणजे जागेवर घिरट्या घालायची परवानगी, मागितली, मिळाली, हळूहळू पॉवर कमी करत दोन चकरा मारल्या, तीन हजार फुटांवर आलो, वेग १२० वर आला, आणि मग शांतपणे आत गेलो. लँडिंग चांगलं झालं. इंजिन बंद केल्यावर सर म्हणाले, "विमानाच्या मागे बसला होतात तुम्ही. विमान सावंतवाडीला होतं, तुम्ही अजून आजऱ्यालाच होता."

हे वाक्य मला झोपेपर्यंत सोडत नव्हतं. रात्री वही काढली. १८० नॉटनं चौदा मिनिटं म्हणजे ४२ मैल. नकाशावर मोप्यापासून ४२ मैल मागे गेलो तर बोट पडलं गडहिंग्लजवर. म्हणजे घाट दिसायच्या कितीतरी आधी, अजून सगळं सपाट ऊसच ऊस दिसत असताना, गोव्यात उतरायचा निर्णय घ्यायला पाहिजे. गडहिंग्लजला उतरायला सुरुवात, दर मिनिटाला थोडी थोडी पॉवर कमी, घाट यायच्या आधी मोप्याचं हवामान ऐकलेलं, आंबोलीच्या अलीकडेच वेग १३० च्या आसपास. घाटावर ढग असतील तर तोही निर्णय गडहिंग्लजलाच, उतरायचं की वर राहून बघायचं की सरळ बेळगावला वळायचं, कारण आजऱ्याला पोचून विचार करायला वेळच उरत नाही. सेसनात मला नऊ वर्षं वाटायचं की मी वेळेवर निर्णय घेणारा पायलट आहे. ती हळू होती म्हणून माझे निर्णय वेळेवर पोचत होते.

आता गुडघ्यावरच्या पाटीवर प्रत्येक रूटचं असं एक गाव लिहिलेलं असतं. मोप्यासाठी गडहिंग्लज. बाकी ठिकाणांचीही गावं काढून ठेवलीत.

आणि हे एकदा जमलं की मग मात्र ही काय सुंदर चालते! मोप्याला एअरबसच्या रांगेत आता आम्ही नीट बसतो. त्या फायनलवर १४० च्या आसपास येतात, सेसनात आम्ही ९० नं जायचो तर आम्हाला बाजूला थांबवावंच लागायचं, आणि ते बरोबरच होतं. आता धावपट्टीपासून चार मैलांपर्यंत १२० ठेवू शकतो आणि कंट्रोलरलाही बरं पडतं. फक्त मोठ्या विमानाच्या मागून येताना त्याच्या मागे उठणाऱ्या हवेच्या भोवऱ्यासाठी अंतर ठेवायचंच, तिथे घाई नाही.

पेट्रोलचं पण लोक विचारतात. सेसना तासाला ३३ लिटर, ही मिश्रण पातळ करून (म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी ठेवून) १६५ नॉटनं चालवली तर ५२ लिटर. तासाचा आकडा ऐकून घाबरायला होतं, पण मैसूरला सेसनाला ७४ लिटर लागायचे आणि हिला ७८, कारण हवेत वेळच कमी. चढताना मात्र तासाला शंभरच्या हिशोबानं पिते, आणि घाईत १८० नं पळवली तर हिशोब बिघडतो. खरा खर्च पेट्रोलचा नाहीच, विम्याचा, देखभालीचा आणि त्या पॅराशूटचा आहे.

वेळेचं खरं सांगतो. बेळगाव ते मोपा ४४ मैल, सेसनाला २४ मिनिटं, हिला १६. आठ मिनिटं वाचली आणि ती टॅक्सीवेवर थांबण्यात गेली. कोल्हापूरचंही तसंच. छोट्या अंतरासाठी कोणी वेगवान विमान घेणार असेल तर मी स्पष्ट सांगेन, घेऊ नका. दोनशे मैलांच्या पुढेच हिचा उपयोग आहे, आणि तिथे मात्र खूप आहे.

एक गोष्ट गेली ती गेलीच. सेसनाचे पंख वर, त्यामुळे खाली सगळं मोकळं. चोर्ल्यावरून येताना अंजुणे धरणाचं पाणी, म्हादईचं खोरं, पावसानंतर लांबून दिसणारा दूधसागर, खिडकी वर उचलून उघडायची आणि हवा तोंडावर घ्यायची. सिरसचा पंख खाली आहे, बाजूला बघितलं तर पांढरा पंखच दिसतो, खाली बघायचं तर विमान कलतं करावं लागतं. आणि ज्या जागा मला पाच मिनिटं दिसायच्या त्या आता तीन मिनिटांत जातात. १७२ ला लोक शिकाऊ विमान म्हणतात ते मला कधीच आवडलं नाही. १९५८-५९ मध्ये लास वेगासला दोघांनी एक १७२ न उतरता ६४ दिवस हवेत ठेवली होती, खालून ट्रक पळवून त्यातून पेट्रोल वर घेत. आमचीही तशीच होती, नऊ वर्षांत तिनं एकदाही आम्हाला अडचणीत टाकलं नाही, हुबळीच्या दिवशीसुद्धा नाही. न्यायला आलेल्या पोराला मी तिच्या दाराची कडी कशी जराशी उचलून लावायची ते दाखवलं, त्यानं दोनदा करून बघितलं, आणि मग ती चाकांवर धावपट्टीकडे गेली तेव्हा दाजी म्हणाले, "चल, चहा घेऊ."

गेल्या आठवड्यात आईला घेऊन मैसूरला गेलो. सकाळी सव्वानऊला निघालो, पावणेअकराला खाली. आईला कानात दडे बसतात म्हणून मिनिटाला ३०० फुटांनीच उतरलो, त्यासाठी मैसूरच्या ६० मैल आधीच सुरुवात केली. आईनं पूर्ण वेळ उंड्यांची (गोव्याच्या पावांची) पिशवी मांडीवर धरून ठेवली होती, नातीला डिचोलीच्या पोदेराचेच (पाववाल्याचेच) उंडे हवे असतात. जेवून अडीचला निघालो, समोरून वारा होताच, साडेचारच्या आत बेळगाव. उजेड दोन तास शिल्लक होता, विमान धुतलं, कव्हर घातलं, आणि घाट उतरून रात्री जेवायला घरी.

निघताना लेकीनं विचारलं, "बाबा, आता चवथीला पण तू विमानानंच न्यायला येशील ना?"

चवथ म्हणजे गणेशचतुर्थी, ऑगस्ट-सप्टेंबर, घाट अजून ढगात असतो. बसचं तिकीट काढ म्हटलं, आत्ताच काढ, नंतर मिळत नाही. दिवाळीला येतो.